गाळलेले पर्व

गेल्या दिवाळीतील गोष्ट. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात पोरांचे किल्ल्याचे काम चालले होते. दगडविटांवर ओली माती थापून तट उभा राहिला होता, हळीव पेरून झाले होते, आणि मातीचे मावळे गोणपाटावर रांगेने पडून बुरुजावर चढण्याची वाट पाहत होते. महाराजांना कोठे बसवावयाचे यावरून माझ्या आठ वर्षांच्या धाकट्याचे आणि शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाचे भांडण जुंपले. त्याचे मला काही वाटले नाही. किल्ला म्हटला की भांडण आलेच. परंतु पुढच्या क्षणी जे पाहिले ते निराळे होते. माझ्या मुलाने त्या लहानग्याला मातीत पाडले, त्याच्या मानेवर पाय दिला, आणि हातातली काठी बंदुकीसारखी त्याच्या कपाळाला लावून तोंडाने एक आवाज काढला. हे सारे अगदी थंडपणाने. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी एवढी भ्याले नसते.

मी धावले, त्याला ओढून बाजूला केले, आणि "कुठं शिकलास रे हे?" असे ओरडत त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. तो रडत म्हणाला, "मोबाईलमध्ये असतं." ओसरीवर सासूबाई करंज्यांसाठी खोबरे किसत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच मला विचारले, "आणि हे तू कुठं शिकलीस गं?"

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मजपाशी नव्हते. ते शोधता शोधता जे ध्यानात आले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम माझा जबाब. मी एका बालवाडीत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दहावीपुढे माझे शिक्षण झाले नाही. तेव्हा मानसशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. त्या पावसाळ्यात मी एक कादंबरी हातावेगळी करीत होते. रोज पाच ते सात मला घरात शांतता हवी असे, आणि ती मी मुलाच्या हाती मोबाईल देऊन विकत घेत असे. तीन महिन्यांत तो त्यात काय पाहतो, हे मी एकदाही विचारले नाही. मौज अशी की, त्याच दोन तासांत भिंतीच्या अलीकडे बसून मी बांधाच्या तंट्यातून झालेला एक खून रंगवीत होते. अलीकडे एक खून, पलीकडे शंभर. आणि घर कसे अगदी शांत!

असे काही घडले म्हणजे आपण घाईघाईने आरोपी शोधतो. आज तो मोबाईल आहे. काल दूरदर्शन होते, परवा सिनेमा होता. त्याही आधी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. माझे वडील त्या गणिताच्या पुस्तकात लपवून वाचीत आणि सापडले म्हणजे मार खात. त्या काळच्या वडीलधाऱ्यांचे मत असे की, झुंझार आणि काळापहाड यांनी एक पिढीच बिघडविली. ती पिढी पुढे नोकरीला लागली, निवृत्त झाली, आणि आता नातवंडांच्या हातातील मोबाईलकडे पाहून तेच वाक्य उच्चारीत आहे.

सरकारेही याला अपवाद नाहीत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा गोळ्या घालून वध झाला. पुढच्याच वर्षी, १९१० साली, सरकारने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावर बंदी घातली. कीचकात लॉर्ड कर्झन आणि भीमात जहालपक्ष प्रेक्षकांना दिसत होता, हे खरेच. परंतु जॅक्सन साहेब त्या रात्री जे नाटक पाहावयास आले होते ते होते देवलांचे 'शारदा'. जरठबाला-विवाहावरचे, ज्यात कोणी कोणाचा जीव घेत नाही. लोकांच्या मनातील संतापाची कारणे राज्यकारभारात होती. ती तपासण्यापेक्षा नाटक बंद करणे सोपे होते.

अमेरिकेतील एक उदाहरण तर याहून बोलके आहे. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक वर्थम या नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. हार्लेम या वस्तीत कृष्णवर्णीय गरिबांसाठी त्यांनी १९४६ मध्ये दवाखाना काढला होता; माणूस कनवाळू होता यात शंका नाही. १९५४ साली त्यांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसन्ट' हे पुस्तक लिहून चित्रकथांच्या पुस्तकांवर मुलांना गुन्हेगार बनविण्याचा आरोप ठेवला. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक कडक आचारसंहिता लादून घेतली. ती हवा आपल्याकडेही आली. १९५६ मध्ये वीस वर्षांखालील वाचकांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्ध आपल्या संसदेने कायदा केला. पुढे २०१० मध्ये वर्थम यांचे कागद अभ्यासकांना खुले झाले. कॅरोल टिली या ग्रंथपालनाच्या प्राध्यापिकेने ते पुस्तकाशी ताडून पाहिले आणि २०१२ साली दाखवून दिले की, मुलांची बोलणी ठिकठिकाणी बदलली होती, जोडली होती, गाळली होती. गाळले होते ते काय? कोणाचे टोळीत वावरणे, कोणाची शाळेतून सततची पळापळ. चित्रकथेवरील आरोप ठसठशीत व्हावा म्हणून मुलांचे उरलेले आयुष्यच वगळले गेले.

येथे कोणी म्हणेल, "मग बाई, तुमचे म्हणणे असे की, चित्रांचा काहीच परिणाम होत नाही?" तसे मी म्हणत नाही. आठ वर्षांच्या मुलाने मानेवर पाय देण्याची ती तऱ्हा आमच्या घरात कोणाची पाहिली नव्हती.

१९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडविले. काहींसमोर तोच माणूस मुकाट्याने खेळत बसला. पुढे मुलांना त्या बाहुल्यापाशी सोडले, तेव्हा मार पाहिलेल्या मुलांनी हुबेहूब तसेच केले, शब्दही तेच वापरले. १९६३ मध्ये हाच प्रकार चित्रफितीतून दाखविला, तरीही परिणाम दिसला. बाहुला मारण्यासाठीच केलेला असतो, त्याला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, हा आक्षेप मलाही पटतो. परंतु १९६५ चा प्रयोग मला विसरता येत नाही. त्यात मारणाऱ्याला काही चित्रफितींच्या शेवटी शाबासकी मिळे, काहींत शिक्षा होई. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. मात्र "पाहिलेले करून दाखव, बक्षीस देऊ" असे म्हणताच त्यांनीही ते सारे करून दाखविले. म्हणजे धडा सर्वांचाच पाठ झाला होता. तो केव्हा म्हणावयाचा, एवढेच त्यांना शेवटावरून कळले होते.

आणि धडा केवळ वाईटच चित्रातून मिळतो असेही नाही. १९८७ साली रामानंद सागरांचे 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झाले तेव्हा मी बालवाडीतून नुकतीच पहिलीत गेले होते. आमच्या आळीत एकच दूरदर्शन संच होता. रविवारी त्याला हार घालून उदबत्ती लावीत. मालिका संपली की आम्ही पोरे खराट्याच्या काड्यांचे बाण करून एकमेकांवर सोडीत असू. डोळा फुटला नाही, हे आमचे नशीब. २०२० च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा खेळातल्या बाणांनी डोळे दुखावलेली मुले हैदराबादच्या नेत्ररुग्णालयात आणावी लागली. याचा दोष रामाला कोण देईल? आईबाप भक्तिभावाने पडद्यापुढे बसले होते. परंतु बाण लागला म्हणजे माणसाला काय होते, हे सांगावयास मुलाशेजारी कोणी नव्हते.

येथे मला माझ्या धंद्यातील एक गोष्ट आठवते. कादंबरीत मारामारी लिहिणे सोपे असते. कठीण असते ते त्यानंतरचे प्रकरण लिहिणे. मेलेल्याची बायको दुसऱ्या दिवशी चूल पेटविते की नाही? मारणाऱ्याला भाकरी गिळवते का? ज्याला हे लिहिता येत नाही तो लेखक घाईने दुसरी मारामारी आणतो. महाभारतकार या बाबतीत आपणां सर्वांचे गुरू. अठरा अक्षौहिणी सैन्य रणावर पडल्यावर त्यांनी लगेच राज्याभिषेकाचा चौघडा वाजविला नाही; अकरावे पर्व सबंध स्त्रियांच्या शोकाला दिले. गांधारी रणभूमीवर येते आणि एकेका प्रेतापुढे उभी राहते. ज्यांनी ते युद्ध जिंकले त्यांनाही तिच्यापुढे मान वर करता येत नाही. युद्धाची पर्वे वाचून ज्याच्या अंगात वीरश्री संचारली, त्याने स्त्रीपर्व वाचल्यावाचून पोथी मिटू नये, अशीच जणू ग्रंथाची व्यवस्था आहे.

'श्यामची आई'तील पोहण्याचा प्रसंग असाच. पुस्तक १९३५ चे. मारकुट्या आईबापांना त्यातील हा प्रसंग फार सोयीचा वाटतो. "श्यामच्या आईनेही मारलेच की!" असे पालक मला शाळेत ऐकवितात. मुलांवर हात टाकण्याचे समर्थन मी करणार नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ते निषिद्धच केले आहे. परंतु साने गुरुजींनी तो प्रसंग माराशी संपविलेला नाही, एवढे त्या पालकांनी पाहावे. आई नंतर श्यामला जवळ घेते, आपण असे का वागलो हे त्याच्याशी बोलते, आणि तिचे स्वतःचे मन दुखावलेले त्याला दिसते. आपण मार तेवढा उचलतो आणि त्यानंतरचे बोलणे गाळतो. वर्थम यांनी मुलांच्या कागदांचे जे केले, तेच आपण श्यामच्या आईचे करतो.

मोबाईलवरच्या खेळांत आणि पुष्कळशा चित्रपटांत हे पुढचे पर्व मुळातच नसते. पडलेला माणूस नाहीसा होतो आणि गुण वाढतात. मग ते पर्व सांगावयाचे कोणी? चित्रपटांना १९८३ पासून जे 'यूए' प्रमाणपत्र मिळते, त्याचा अर्थच मुळी आईबापांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे असा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या केल्या. सरकार पायरी आखून देईल. मुलाचा हात धरून कोण चढणार? ते काम सरकारचे नव्हे, आणि शाळेचेही एकटीचे नव्हे.

त्या थोबाडीतीनंतर मी दोन दिवस मुलाशी नीट बोलू शकले नाही. तिसऱ्या दिवशी कादंबरीची वही मिटून त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटले, "दाखव बघू तुझा खेळ." प्रथम त्याला संशय आला, मग तो उत्साहाने दाखवू लागला. एक माणूस पडला. मी विचारले, "आता याचं पुढे काय होतं?"

"नाहीसा होतो."

"त्याच्या घरी कोण कोण असतं?"

तो हसला. "आई, खेळात घर नसतं."

मी त्याला मारले होते त्याबद्दल त्याची क्षमा मागितली. मग फराळाचा डबा घेऊन आम्ही दोघे शेजारी गेलो. त्या लहानग्याची आई दारात आली. तिच्या पदराआडून तो माझ्या मुलाकडे पाहत होता, पुढे येईना. माझा मुलगा डबा हातात धरून बराच वेळ उभा राहिला. येथे मात्र घर होते, आणि ते त्याला दिसले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तुळशीपाशी कारीट फोडावयास तो गेला. आपल्याकडे ही हिंसा आपणच मुलांना शिकवितो, आणि हौसेने शिकवितो! टाचेखाली कारीट फुटले. रस जिभेला लावून त्याने तोंड वाकडे केले आणि एकाएकी आजीला विचारले, "आजी, नरकासुराला आई होती का गं?"

"होती तर," सासूबाई म्हणाल्या. "भूमाता त्याची आई. पोरगा मारला गेला तेव्हा ती कृष्णाकडे आली. नरकासुराचा मुलगा भगदत्त भ्यालेला होता. त्याला तिनं पुढं केलं आणि म्हणाली, 'देवा, याला तरी सांभाळ.'"

"मग?"

"मग कृष्णानं त्याला अभय दिलं. बस आता इथं, सांगते."

तो ओल्या अंगाने पाटावर बसला. ही गोष्ट भागवतात आहे. दरवर्षी कारीट फोडताना मी ती त्याला सांगू शकले असते. मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती. सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर पंचा टाकला, आणि त्याच्याबरोबर मीही ऐकावयास बसले.