‘भीमायन’ दप्तरात मावेल काय?

२०११ साली ‘नवयान’ने ‘भीमायन’ इंग्रजीत प्रसिद्ध केले. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे जीवन चौकटी मोडून चितारले. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, ही त्यांची भूमिका चित्रकथेच्या रूढ शिस्तीलाच नकार देते. ग्रंथाचे मोल मोठे, पण आकारही मोठा. धायरीतल्या शाळकरी पोराच्या हाती तो पडणार कसा?

आपला वाचक घडवला तो जाडजूड ग्रंथांनी नव्हे, तर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर मिळणाऱ्या स्वस्त पुस्तिकांनी. चित्रकथेनेही हीच वाट धरावी.

मात्र मोठे पान नुसते लहान करून छापले की भागत नाही. व्यामांची बारीक दिग्ना-नक्षी त्यात बुजून जाईल. छोट्या पानासाठी चित्र नव्यानेच रचावे लागेल. १९०१ चा मसूर स्थानकापासूनचा प्रवास घ्या : दुप्पट भाड्याची बैलगाडी, तहानलेली पोरे, जवळ शिदोरी असून नाकारलेले पाणी. एवढाच प्रसंग, सोळा पाने, ठसठशीत मराठी अक्षर. बाबासाहेब इथे पुतळ्यातले नाहीत; वाचणाऱ्याच्याच वयाचे आहेत. पाणी का नाकारले, हे त्याने घरी विचारले पाहिजे. आपले चित्रकार आणि प्रकाशक हे काम कधी हाती घेणार?