आश्रयदाता आणि दिग्दर्शक

ग्रंथपरीक्षणांत "हें कोणाच्या पैशानें झालें?" असा प्रश्न सहसा विचारीत नाहींत, तसें विचारणें असभ्यपणाचें मानतात. कादंबरीकाराचें दौत, टाक व कागद एवढ्यावर भागतें. बोलपटाची गोष्ट निराळी. तेथें पहिलें दृश्य टिपण्यापूर्वींच कोणीतरी थैली सोडावी लागते, आणि थैली सोडणाराची कांहीं ना कांहीं इच्छा असतेच. श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजीं निवर्तले. समांतर चित्रपटाचे अग्रणी म्हणून त्यांचा गौरव झाला, तो योग्यच होय. परंतु प्रस्तुत लेखकास त्यांच्या कारकीर्दींतील अधिक बोधक गोष्ट वाटते ती ही कीं, नाना तऱ्हेच्या आश्रयदात्यांचें मीठ खाऊनहि हा गृहस्थ बहुतेक वेळां आपलें मत राखून राहिला. बहुतेक वेळां, सर्वदा नव्हे.

त्यांचा जन्म १९३४ सालचा, हैदराबाद संस्थानांतला. घरची भाषा कोंकणी, वडील छायाचित्रकार. मुंबईस येऊन त्यांनीं जाहिरातीच्या धंद्यांत नोकरी धरली व शेंकडों जाहिरातपट काढले. हीं वर्षें वाया गेलीं असें मला वाटत नाहीं. दुसऱ्याच्या पैशानें, मोजक्या वेळांत, तरीहि नेटकें सांगण्याची तालीम येथेंच झाली. आणि कित्येक वर्षें पदरीं बाळगलेल्या 'अंकुर'च्या कथेस अखेर भांडवल मिळालें तें चित्रगृहांतून जाहिराती पुरविणाऱ्या ब्लेझ कंपनीकडूनच.

'अंकुर'च्या (१९७४) शेवटीं एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. त्या दगडाचें कौतुक फार झालें. मला 'निशांत'चा (१९७५) शेवट अधिक खरा वाटतो. तेथें रयत उठते खरी, पण जिच्या अपहरणामुळें बंडाची ठिणगी पडली, ती शिक्षकाची बायकोहि त्या जमावाच्या क्रोधांतून सुटत नाहीं. पटकथेंत तेंडुलकरांचा हात असल्याचें वेगळें सांगावयास नको.

'मंथन' (१९७६) हा खरा कसोटीचा चित्रपट. गुजराथेंतील दूधसंघांच्या पांच लक्ष शेतकरी सभासदांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले व दहा लक्षांची रक्कम उभी राहिली. कथेच्या रचनेंत खुद्द वर्गीस कुरियन यांचाहि वांटा होता. एवढी सामग्री जमल्यावर सहकारी चळवळीचा पोवाडा रचला जावा, हें ओघानेंच आलें असतें. बेनेगल यांनीं काय केलें? शहरांतून आलेला त्यांचा डॉक्टर सद्हेतूचा, परंतु गांवाच्या जातिभेदापुढें व सरपंचाच्या मत्सरापुढें भांबावणारा. त्याच्यावर विश्वास टाकणारी बिंदू शेवटीं त्याच्याच विरुद्ध एका खोट्या कागदाचें साधन बनते. त्याची बदली होते आणि तो मुकाट्यानें निघून जातो. ज्यांनीं दोन-दोन रुपये दिले त्यांना त्यांचाच उद्धारकर्ता हरलेला दाखविणें यास धैर्य लागतें. मला वाटतें, देणारे पांच लक्ष होते म्हणूनच तें साधलें. पांच लक्ष धन्यांपैकीं कोणीहि एकटा येऊन दिग्दर्शकाच्या खुर्चीमागें उभा राहूं शकत नाहीं.

'भूमिका' (१९७७) मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची, कारण तिचा आधार हंसा वाडकर यांचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मवृत्त. आत्मवृत्ताच्या नायिकेस देवी किंवा कुलटा करून टाकणें फार सोपें. स्मिता पाटील यांची उषा यांपैकीं कोणीच नाहीं. ती चुकते, हट्ट धरते, घर सोडते, परतते, आणि प्रत्येक पुरुषाच्या दारीं तिला तोच उंबरठा भेटतो. हिंदी भाषेमुळें त्या घराचा कोंकणी दरवळ कांहींसा उडाला, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

दूरदर्शनवरील 'भारत एक खोज' (१९८८) हें नेहरूंच्या ग्रंथावरील त्रेपन्न भागांचें प्रचंड काम. येथें आश्रयदातें साक्षात् सरकार. तरीहि ओम पुरी यांनींच निवेदन करावें, त्यांनींच अशोक व्हावें आणि त्यांनींच औरंगजेब, या योजनेंत मला मोठें शहाणपण दिसतें. एकच चेहरा पूज्य व निंद्य अशा दोन्ही स्थळीं पाहिल्यावर प्रेक्षकास आरतीचें तबक हातीं घेणें कठीण जातें. शिवाजीमहाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनीं केली. आमच्या ऐतिहासिक बोलपटांतील गर्जना तींत नाहीं, आणि तिचें वजन त्यामुळें घटलें नाहीं.

हाच हात 'मुजीब'पाशीं (२०२३) कां थिजला? भारत व बांगलादेश या दोन सरकारांनीं मिळून तो काढविला. त्या वेळीं ढाक्यास राज्यावर होत्या त्या चरित्रनायकाच्या कन्या शेख हसीना. वय नव्वदीकडे झुकलेलें, हें मान्य. पण वयावर दोष टाकणें म्हणजे पळवाट होय. तेथें नायक प्रथमपासूनच पुतळ्यासारखा उभा आहे, आणि 'मंथन'मधील डॉक्टरास पडणाऱ्या शंकांसारखी एकहि शंका त्याच्या वाट्यास फारशी येत नाहीं. पुढल्याच वर्षीं, ऑगस्ट २०२४ मध्यें, हसीना यांना देश सोडावा लागला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत 'मंथन'ची नव्यानें दुरुस्त केलेली प्रत कान येथें दाखविली गेली होती. तींत डॉक्टर निघून गेल्यावरहि भोळा आपल्या वस्तींतल्या लोकांना गोळा करून दूध संघाकडे नेऊं लागतो.