वगाचे गद्य कोणाचे? कथाबीज आणि गद्यरचना यांतील भागीदारी : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : वग, संपादणी, सोंगाड्या, कथाबीज, सहकर्तृत्व, नारायणगाव

प्रस्तावना

कथात्म साहित्याचा विचार करताना एका कृतीचा एकच कर्ता गृहीत धरण्याची सवय आपल्या समीक्षेला जडलेली आहे. ज्याला कथा सुचते तोच ती लिहितो आणि जो लिहितो त्यालाच ती सुचलेली असते, असे आपण मानून चालतो. मुद्रित कादंबरी व कथेच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच अंशी खरे असले, तरी कथात्म साहित्याच्या सर्व प्रकारांना ते लागू पडत नाही. कथेची कल्पना एकाची, तिची पद्यरचना दुसऱ्याची आणि तिचे गद्य तिसऱ्याचेच, अशी रीतसर विभागणी असलेला एक समृद्ध प्रकार मराठीत दीर्घकाळ नांदत आला आहे. तो प्रकार म्हणजे तमाशातील वग.

या प्रश्नाचा विचार जुन्नर-आंबेगाव परिसरातून करण्याला कारण आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव 'तमाशापंढरी' म्हणून ओळखले जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि त्याच घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या कर्तृत्वाने या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा-पंच सुपारी देण्यासाठी येतात. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने वग हा क्रमिक पुस्तकातील एका प्रकरणापुरता विषय नाही. तो भोवतालचा व्यवहार आहे. तरीही वर्गात वग शिकवताना आपण शाहिराची पदे शिकवतो आणि गद्याविषयी 'संवाद उत्स्फूर्त असतात' एवढे एक वाक्य सांगून पुढे जातो. त्या एका वाक्यात एक संपूर्ण लेखकवर्ग नाहीसा होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वगाची घडण आणि श्रमविभागणी

गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा परिचित क्रम होय. पहिला वग म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'मोहना-छेलबटाव'चा उल्लेख सामान्यतः केला जातो. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्यासारख्या प्रतिभावंत शाहिरांनी वगाच्या पद्यभागाला वैभव प्राप्त करून दिले. मात्र या परंपरेत शाहीर रचत असे ती प्रामुख्याने पदे. दोन पदांमधील कथाभाग कलावंतांनी स्वतःच्या बोलीत, समोरचा प्रेक्षक पाहून उभा करायचा असे. या कामाला परंपरेने 'संपादणी' हा नेमका शब्द दिलेला आहे. केवळ पाठ म्हणून दाखवणे असा तिचा अर्थ नव्हे. मिळालेल्या कथासूत्राला प्रसंगाचे, स्वभावाचे आणि भाषेचे रूप देऊन ते तडीस नेणे म्हणजे संपादणी.

म्हणजेच वगात किमान तीन प्रकारचे कर्ते संभवतात : कथाबीज देणारा, पदे रचणारा आणि गद्य घडवणारा. कथाबीज बहुधा लोकसंचितातून येते. पुराण, इतिहास, दरोडेखोरांच्या कहाण्या, अलीकडच्या काळात एखादी गाजलेली घटना. आपल्याच परिसराचे उदाहरण घ्यायचे तर शिवनेरीचा इतिहास आणि आळे येथील रेड्याची समाधी ही दोन्ही सर्वांच्या मालकीची कथाबीजे आहेत. त्यांतून वगाला पुरेल असे कथानक बेतणे हे कल्पकाचे काम. परंतु बेतलेले कथानक रात्रभर तंबूत बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचते ते सोंगाड्या, सरदार आणि स्त्री-पात्रे यांच्या गद्यातून.

जगाच्या रंगभूमीवर याला समांतर उदाहरण सापडते. इटलीतील 'कोमेदिया देल आर्ते' या नाट्यपरंपरेतील पन्नास कथानके फ्लामिनिओ स्काला याने १६११ मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्यांत प्रसंगक्रम आहे, पात्रांचे येणे-जाणे आहे, संवाद नाहीत. संवाद नटांचे होते आणि ते नटांबरोबर गेले. आपल्याकडील जुन्या वगांची स्थिती याहून फार वेगळी नाही. पदे काही प्रमाणात उरली, गद्य मात्र विरून गेले.

'गाढवाचं लग्न' : केंद्र कोणी हलवले?

गद्य म्हणजे केवळ पदांमधील भराव, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचा विचार एका प्रसिद्ध वगाच्या आधारे करता येईल. हरिभाऊ वडगावकर यांचे 'गाढवाचं लग्न' दादू इंदुरीकर यांनी सावळ्या कुंभाराच्या भूमिकेतून अजरामर केले. त्याचे कथाबीज प्राचीन आहे. इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व, राजकन्येशी त्याचा विवाह आणि शापमुक्ती ही कथा विक्रमादित्याच्या आख्यायिकाचक्रातील गंधर्वसेनाच्या कथेशी नाते सांगते. या बीजात नायक गंधर्व आहे. कुंभार हा त्या गाढवाचा केवळ मालक. कथा पुढे सरकवण्यापुरता आलेला.

रंगमंचावर प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो मात्र सावळ्या कुंभार. त्याचे आणि गंगीचे भांडण, त्याचा भाबडेपणा आणि त्या भाबडेपणाआडून राजसत्तेकडे बघणारी तिरकस नजर हाच वगाचा गाभा होऊन बसतो. शापाची कथा श्रमिकाच्या संसाराची कथा होते. देवलोकातून निघालेले कथानक कुंभाराच्या आळीत येऊन स्थिरावते. हे स्थलांतर कथाबीजात नाही. वडगावकरांच्या रचनेने त्यासाठी जागा निर्माण केली. ती जागा दादू इंदुरीकरांच्या बोलीने, विरामांनी आणि प्रतिउत्तरांनी भरली. ज्या गद्यामुळे कथेचा नायक बदलतो त्याला भराव म्हणणे समीक्षेच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारे नाही.

एक आवश्यक कसोटी

तथापि नटाने घातलेली प्रत्येक भर ही लेखन मानावी काय? तसे मानणे म्हणजे विवेचनाऐवजी गौरव करणे होईल. वगातील उत्स्फूर्त गद्याचा बराचसा भाग ठरीव असतो, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. तेच विनोद वगावगांतून फिरतात, द्व्यर्थी कोट्या प्रसंग नसतानाही येतात आणि रात्र काढण्यासाठी प्रवेश ताणले जातात. म्हणून पुढील कसोटी सुचवावीशी वाटते. जी भर कथेची दिशा, पात्राचा स्वभाव किंवा प्रसंगाचा अर्थ बदलते ती रचना. जी केवळ प्रसंग लांबवते किंवा सजवते तो अलंकार.

ही कसोटी वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ मधील लोकनाट्याला लावून पाहता येईल. 'छपरी पलंगाचा वग' हे त्याचे आधीचे नाव. येथे कथानक आणि संवाद दोन्ही एका लिहित्या लेखकाचे आहेत. दादा कोंडके यांनी हवालदाराच्या भूमिकेत चालू घडामोडींवरील हजरजबाबी कोट्यांची भर घातली आणि प्रयोगाला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. तरीही त्या कोट्या प्रयोगागणिक बदलत्या राहिल्या. कथानकाचा सांगाडा आणि त्यातील सत्तेवरील उपहास सबनीसांचाच राहिला. वरील कसोटीनुसार कोंडके यांची भर प्रयोगाला रंग देणारी आहे, रचना बदलणारी नव्हे. 'गाढवाचं लग्न'च्या बाबतीत मात्र हाच निर्णय देता येत नाही. दोन्ही ठिकाणी 'उत्स्फूर्त' हा एकच शब्द वापरून आपण हा महत्त्वाचा भेद पुसून टाकतो.

नावाचा प्रश्न

सहनिर्मितीत श्रेय वाटणे अशक्य असते, असे म्हणण्यात अर्थ नाही. मराठी चित्रपटाने ते केलेले आहे. तमाशाच्याच विश्वावर बेतलेल्या 'पिंजरा' (१९७२) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाचे उदाहरण पुरेसे आहे. त्याचे बीज हाइनरिश मान यांच्या १९०५ मधील जर्मन कादंबरीत आणि तिच्यावरील 'द ब्लू एंजल' या १९३० च्या चित्रपटात आहे. त्याला मराठी कथारूप दिले अनंत माने यांनी, तर पटकथा-संवाद लिहिले शंकर पाटील यांनी. कथा कोणाची आणि संवाद कोणाचे हे पडद्यावर स्वतंत्रपणे सांगितले जाते. त्यामुळे शंकर पाटलांच्या ग्रामीण बोलीने त्या परक्या बीजाचे काय केले, हा प्रश्न समीक्षकाला विचारता येतो. तंबूतील वगाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारता येत नाही; कारण जाहिरातीवर नाव असते ते वगाचे आणि फडमालकाचे.

अर्थात, लिखित साहित्यातही हा अन्याय घडलेला आहे. अलेक्झांडर द्यूमा याच्या गाजलेल्या कादंबऱ्यांची कथानके व कच्चे खर्डे सिद्ध करण्यात ओग्युस्त माके याचा मोठा वाटा होता. १८५८ मध्ये न्यायालयाने माके याला पैसे मिळवून दिले. सहलेखक म्हणून नाव मात्र दिले नाही. तेथे कथानक सिद्ध करणारा अनामिक राहिला, आपल्याकडे गद्य घडवणारा. दोन्ही ठिकाणी नाव मात्र एकाचेच उरले.

भारतीय कायद्यातही वगाच्या कर्त्यांची अडचण होते. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, तिच्या अभिव्यक्तीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे कथाबीज देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. दुसरीकडे, कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील नाट्यकृतीच्या व्याख्येत रंगमंचीय मांडणी अथवा अभिनयरूप लेखनाने वा अन्य प्रकारे निश्चित झालेले असण्याची अपेक्षा आहे. दर रात्री नव्याने घडणारे गद्य या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क मान्य झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही त्यांना मिळाला. परंतु त्यामुळे संपादणी करणारा कलावंत 'सादरकर्ता' ठरतो, 'रचनाकार' नव्हे. 'अन्य प्रकारे निश्चित' या शब्दांचे महत्त्व येथेच आहे. नावानिशी केलेले ध्वनिमुद्रण हे जतनाचे साधन तर आहेच, शिवाय कर्तृत्वाचा पुरावाही आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वग ही अनेककर्तृक कथात्म रचना असून कथाबीज, पद्य आणि गद्य या तिन्ही घटकांच्या कर्त्यांचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे.

२. संपादणी म्हणजे पाठांतर नव्हे आणि निव्वळ उत्स्फूर्तताही नव्हे. कथेचा अर्थ बदलण्याची तिची क्षमता लक्षात घेता ती गद्यलेखनाच्या बरोबरीची निर्मिती ठरू शकते.

३. प्रत्येक उत्स्फूर्त भर मौलिक नसते. अर्थ बदलणारी भर आणि प्रसंग लांबवणारी भर यांत भेद करणे हे समीक्षेचे काम आहे. कौतुकाने ते साधणार नाही.

४. जुन्नर-आंबेगाव परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी वगांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण व लिप्यंतर, कलावंतांची संमती घेऊन आणि गद्य कोणाचे हे पात्रागणिक नोंदवून केले पाहिजे. एकाच वगाचे दोन यात्रांतील प्रयोग शेजारी ठेवले, तरी कोणते गद्य ठरीव आणि कोणते त्या रात्रीचे हे दिसू लागेल.

हे काम आपल्यापासून फार दूर नाही. राहुट्या महाविद्यालयापासून बसच्या अंतरावर लागतात आणि फडाशी नाते सांगणारी मुले कधी आपल्याच वर्गात बसलेली असतात. वगाचे पद फळ्यावर लिहून त्याखाली शाहिराचे नाव लिहिताना आपण त्या मुलांना नकळत असे सांगत असतो की, त्यांच्या घरातील माणसांनी आयुष्यभर रचलेले गद्य हे साहित्य नव्हे. हे विधान खरे की खोटे, हे तपासण्याची जबाबदारी मराठीच्या अध्यापकाचीच आहे. ते गद्य नोंदवले गेल्याशिवाय ही तपासणी होणार नाही. आणि ते रचणारी पिढी दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहे.