‘परीक्षा’ की ‘मोह’? : ‘स्मृतिचित्रे’तील पापविचार

ख्रिस्ती पापविचाराचा शोध मराठी समीक्षा बहुधा फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) घेते. तेथे सैतान समोर उभाच असतो, त्यामुळे काम सोपे होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) तो जवळजवळ नाही. म्हणून हे आत्मचरित्र ‘प्रांजळ, विनोदी’ या विशेषणांवर सोडून द्यावे, हे मला मान्य नाही.

नव्या करारातील ‘पेइरास्मोस’ या ग्रीक शब्दात कसोटी आणि प्रलोभन असे दोन्ही अर्थ आहेत. प्रभूच्या प्रार्थनेच्या प्रचलित मराठी भाषांतराने त्यासाठी ‘परीक्षा’ हा शब्द स्वीकारला. ‘मोह’ आला असता तर त्याच्यामागे षड्रिपूंची सारी परंपराही आली असती. ‘परीक्षा’ प्रसंगात होते, घरातही होते. लक्ष्मीबाईंचा झगडा याच जातीचा आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, त्यांचा १९०० मधला. मधल्या काळात ख्रिस्ताच्या देवत्वापेक्षा कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हाच प्रश्न त्यांना अधिक छळतो. विटाळ बाहेरून लागतो आणि स्नानाने जातो. भेदबुद्धी आतली असते, ती स्नानाने जात नाही. ही ओळख पटते तेथे ‘पाप’ या शब्दाला ख्रिस्ती अर्थ प्राप्त होतो. (टिळकांचा शीघ्रकोप बाप्तिस्म्यानेही निवला नाही, हे लेखिका लपवीत नाही.) स्वतःच्या सोवळ्याला हसणे हे त्यांच्या पापकबुलीचे रूप आहे. त्या हसण्यात कधीकधी सूक्ष्म अहंताही डोकावते. तिची परीक्षा मात्र त्यांनी घेतलेली दिसत नाही.