मायानगरीतला मुक्काम

दिवाळी अंकात समीक्षेच्या पानावर कथा-कादंबऱ्यांचा परामर्श यावा, ही रीत आहे. आम्ही यंदा रीत थोडी मोडून एका परदेशी शास्त्रग्रंथाकडे वळत आहो. कारण त्याचा विषय आज घरोघर माजघरात, अनारशांच्या ताटाशेजारी, मान खाली घालून बसलेला आहे. मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला हाक मारली तर तो ‘ओ’ देतो, पण येत नाही. तो गेलेला असतो कोठे? या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करणारी जी थोडी पुस्तके आहेत, त्यांत टॉम बोएल्स्टॉर्फ यांचे ‘कमिंग ऑफ एज इन सेकंड लाइफ’ (2008) हे एक महत्त्वाचे.

लेखक मानवशास्त्रज्ञ, कॅलिफोर्निया विद्यापीठातले. आधी त्यांनी इंडोनेशियात राहून संशोधन केले. पुढे जून 2004 ते जानेवारी 2007 ते ‘सेकंड लाइफ’ नावाच्या संगणकातल्या जगात राहिले. अमेरिकेतल्या लिंडेन लॅब या कंपनीने 2003 साली उघडलेल्या या जगात जिंकणे-हरणे नाही. माणसे तेथे जमीन घेतात, घरे बांधतात, लग्ने लावतात, दुकाने मांडतात. नाणेही तिथले वेगळे. बोएल्स्टॉर्फ यांनी नवे नाव घेतले, घर बांधले आणि शेजाऱ्यांच्या चालीरीती टिपून ठेवल्या. पुस्तकाचे नाव मार्गारेट मीड यांच्या सामोआ बेटावरील 1928 च्या प्रसिद्ध ग्रंथाची आठवण करून देते, आणि ते हेतुपूर्वक आहे. हेही एक बेट, येथेही माणसेच, असे लेखकाला सांगायचे आहे.

ग्रंथाचा मोठा गुण हा की लेखक कोठेही हसत नाही. पडद्यावरचे शरीर उभे असते आणि त्याचा धनी चहा प्यायला उठून गेलेला असतो. अशा वेळी शेजाऱ्याने कसे वागावे, याचेही संकेत तेथे पडले आहेत. ते तो आस्थेने सांगतो. ‘आभासी’ म्हणजे ‘खोटे’ नव्हे, आणि माणूस हा पहिल्यापासूनच कल्पनेत राहणारा प्राणी आहे, हा त्याचा सिद्धांत. आम्हां वऱ्हाडकरांना तो पटायला जड जाऊ नये. दंडारीत शेजारचा गडी लुगडे नेसून उभा राहिला की त्याच्या दाढीची खुंटे कोणाला दिसत नाहीत, आणि तो रडला की बाया पदर डोळ्यांना लावतात. कादंबरीकाराचे तर पोटच या सत्यावर भरते.

मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. ही माणसे पडद्याबाहेर कोण आहेत, याची शहानिशा लेखकाने केली नाही. तसा त्याचा निश्चयच होता. तेथील रहिवासी एकमेकांना त्या जगातच ओळखतात. म्हणून आपणही त्यांना तेवढेच ओळखावे, असे त्याचे म्हणणे. युक्तिवाद प्रामाणिक आहे. पण आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी निगडित असलेले म्हाइंभट तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या लीळा गोळा करायला निघाले, तेव्हा ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून विचारत हिंडले. विषय अवताराचा, पण चौकशी माणसांकडे. आज पडद्यावरच्या देहाला जगभर ‘अवतार’ म्हणतात. तो कोठून उतरला, हे विचारल्यावाचून त्या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही.

वऱ्हाडापुरते पाहू. पबजी हा खेळ 2018 मध्ये मोबाइलवर आला. शंभर जण बेटावर उतरायचे, चौघाचौघांनी जुटायचे, शेवटी उरेल तो जिंकायचा. राजकमल चौकापासून अकोल्याच्या टॉवर चौकापर्यंत पोरांच्या तोंडी एकच भाषा झाली. त्यात एक गोष्ट आम्हांला मोलाची वाटते: तेथे आडनाव लागत नाही. आमच्याकडे आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही; तेथे मुलगा स्वतःच नाव घेतो आणि नेमबाजीवर मान मिळवतो. वर्गात मागच्या बाकावर बसणारा तेथे चौघांचा म्होरक्या होतो. हे सुख लहान नाही.

पण बोएल्स्टॉर्फ यांच्या मुक्कामात त्या जगात बोलणे लिहून होई. आमची पोरे तोंडाने बोलतात. ‘कुठी चालला बे?’ एवढे कानी पडले की पुण्या-मुंबईचा गडी हसतो, आणि टाकलेले गाव मुलाला पुन्हा येऊन चिकटते. शिवाय ज्या घरात मोबाइल एकच आणि तो बापाचा, तेथे बाप शेतावरून परते तोवर बेटाचे दार बंद. बहिणीच्या हाती तर तो पोचतच नाही. म्हणजे या जगाची वेस शोधायची तर पडद्यात नव्हे, घरात शोधावी लागते.

आणि मालकी? लेखकाने एक प्रकरण याला दिले आहे. रहिवासी निर्माण करतात आणि नफ्याची वाट कंपनीकडे जाते, ही गोम त्याने नेमकी पकडली आहे. बटईने शेत कसणाऱ्याला ती समजावून सांगायला नको. घाम एकाचा, सातबारा दुसऱ्याचा. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अॅप्सवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. 2021 च्या जुलैत तो नव्या नावाने परतला, 2022 च्या जुलैत पुन्हा दुकानांतून उतरवला गेला, 2023 च्या मेमध्ये पुन्हा आला. बंदीची कारणे सरकारपाशी होती. पण वर्ष-दोन वर्षे जोडलेली पत, गडी, नाव ज्याचे बुडाले, त्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकले? थोरांना तर सुटलो असेच वाटले.

येथे बोएल्स्टॉर्फ उपयोगी पडतात. गेले ते काही होते, हे मान्य करायला ते शिकवतात. मात्र ते कोणाचे गेले, हे पाहायला पुस्तक मिटून ओट्यावर यावे लागते. आमच्या तरुण लेखकांपैकी कोणीतरी दोन्हीकडे मुक्काम करावा आणि म्हाइंभटांच्या चिकाटीने या मुलांना विचारून लिहावे. तो ग्रंथ मराठीत यायचा आहे. तोवर फराळाला बसताना मुलाला ‘ठेव ते’ म्हणण्याआधी ‘कुठं गेला होतास?’ एवढे विचारून पाहावे.