भूमिका, सोंग आणि बाजारपेठ : जपानी व्हिडिओ खेळांच्या पाश्चात्त्य स्वागताची चिकित्सा

जपानमध्ये ज्यांच्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या, असे अनेक कथाप्रधान व्हिडिओ खेळ युरोप-अमेरिकेच्या बाजारपेठेत मात्र वर्षानुवर्षे मागे राहिले. रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला प्रस्तुत लेखात 'भूमिकाप्रधान खेळ' असे म्हटले आहे. खेळणारा एका पात्राच्या किंवा पात्रसमूहाच्या वतीने दीर्घ कथेतून प्रवास करतो, शत्रूंशी लढतो, अनुभवाने बलवान होतो आणि तीस-चाळीस तासांनी, क्वचित शंभर तासांनी, कथेच्या शेवटापर्यंत पोहोचतो, असे त्याचे ढोबळ स्वरूप. हे खेळ पश्चिमेत अपेक्षेइतके का खपत नाहीत, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर एका वाक्याचे आहे : ते 'फार जपानी' आहेत. हे उत्तर तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. मराठीच्या अध्यापकाने या विषयाकडे वळण्याचे कारणही त्या उत्तरातच आहे. 'हे लेखन फार मातीतले आहे, बाहेर पोहोचणार नाही' हा शेरा आपल्या वाङ्मयाच्या वाट्यालाही वारंवार आलेला आहे, आणि तो आपण बहुधा न तपासताच स्वीकारलेला आहे.

प्रथम एक ऐतिहासिक वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे. या खेळांचे मूळ जपानी नाही. अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि गप्पा यांवर चालणारा खेळ या परंपरेचा आद्यपुरुष. त्यापासून स्फूर्ती घेऊन १९८१ साली 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे संगणकावरील खेळ अमेरिकेतच निर्माण झाले. युजी होरी या जपानी लेखकाने या दोहोंतून आपल्याला हवे ते उचलले, सर्वसामान्य मुलाला झेपेल इतके सोपे केले आणि १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' सिद्ध केला. म्हणजे ज्याला आज 'फार जपानी' म्हटले जाते ते मुळात अमेरिकन बीजाचे जपानी जमिनीत उगवलेले झाड आहे. तेच झाड अमेरिकेत परत नेले तेव्हा ते परके का वाटले, असा खरा प्रश्न आहे.

'ड्रॅगन क्वेस्ट'चेच उदाहरण घेऊ. जपानमध्ये या खेळाची पूर्वतयारी झालेली होती. होरी ज्या 'शोनेन जम्प' साप्ताहिकात लिहीत होते, त्याचा वाचकवर्ग प्रचंड होता. खेळातील चित्रे त्याच साप्ताहिकातील लोकप्रिय चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांची होती. खेळ हाती येण्यापूर्वीच खेळाडूला त्यातील राक्षसांचे चेहरे परिचयाचे होते. अमेरिकेत हाच खेळ १९८९ साली, तीन वर्षांच्या विलंबाने, 'ड्रॅगन वॉरियर' या बदललेल्या नावाने आला. वेष्टनावरून तोरियामांची शैली गेली आणि तिथे पाश्चात्त्य धाटणीचा योद्धा आला. त्या तीन वर्षांत यंत्रांवरील चित्रांचा दर्जा पुढे सरकला होता, त्यामुळे खेळ दिसायला शिळा वाटला. पुढे निन्टेन्डोने आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना त्याच्या प्रती भेट म्हणून वाटल्या. या मालिकेचे पाचवा आणि सहावा हे भाग (१९९२ व १९९५) त्या काळात अमेरिकेत आलेच नाहीत. उशिरा, वेषांतर करून आणि मधले दुवे गाळून नेलेली कलाकृती रुजली नाही, तर तो दोष तिच्या संस्कृतीचा मानावा काय?

'फायनल फँटसी' मालिकेची कथा तर अधिक विचित्र आहे. मूळ दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग अमेरिकेत वेळेवर न आल्यामुळे चौथा भाग १९९१ साली 'दुसरा' म्हणून आणि सहावा १९९४ साली 'तिसरा' म्हणून विकला गेला. सहाव्या भागाचे इंग्रजी रूपांतर टेड वूल्सी यांनी सुमारे तीस दिवसांत केले. जपानी लिपीत मोजक्या चिन्हांत मावणारा आशय इंग्रजीत कितीतरी जागा व्यापतो आणि त्या काळच्या काडतुसाची स्मरणक्षमता तुटपुंजी होती. परिणामी संवाद कापावे लागले. त्यात निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेला धार्मिक उल्लेख चालत नसत, म्हणून 'पवित्र' या अर्थाचा मंत्र 'मोती' झाला. अशा परिस्थितीत वूल्सी यांनी जे साधले त्याचे कौतुकच करावे लागेल. पण वाचकाच्या हाती जे आले ते संक्षिप्त आणि सोवळे केलेले होते, हेही नाकारता येत नाही.

अर्थात केवळ अनुवादाकडे बोट दाखवून समीक्षकाची सुटका होत नाही. एक भेद खरोखरच रूपाच्या पातळीवरचा आहे, आणि तो मराठी अभ्यासकाला इतरांपेक्षा लवकर उमगावा. 'भूमिका' हा शब्द आपण नाटकातून घेतला. नाटकातील भूमिका नाटककाराने लिहिलेली असते. नटाने ती वठवायची असते. याउलट तमाशाच्या वगात कथेचा केवळ सांगाडा ठरलेला असतो आणि सोंगाड्या त्या सांगाड्यात त्या रात्रीच्या प्रेक्षकांकडे पाहून आपले बोलणे भरतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या परंपरेत वाढलेल्या पाश्चात्त्य खेळाडूची अपेक्षा सोंगाड्याची होती : पात्र मी घडवीन, वाट मी निवडीन, प्रसंगी कथेलाच धाब्यावर बसवीन. २००२ सालच्या 'मॉरोविंड'ने त्याला नेमके हेच दिले. जपानी खेळाने मात्र त्याच्या हाती लिहिलेली संहिता ठेवली. नायकाचे नाव, दुःख, प्रेम आणि मृत्यूदेखील आधीच ठरलेला. खेळाडूने लढायचे, ऐकायचे आणि पुढच्या आख्यानाची वाट पाहायची. वेष्टनावर दोन्हींसाठी शब्द एकच, अपेक्षा मात्र परस्परविरोधी. २००९ साली जपानमध्ये व २०१० साली पश्चिमेत आलेल्या 'फायनल फँटसी'च्या तेराव्या भागावर 'हा तर एक लांबलचक बोळ आहे' अशा आशयाची टीका झाली, तिचे मूळ या अपेक्षाभंगातही शोधावे लागेल. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याने 'मला कथा बदलू का देत नाही?' असे विचारावे, तसा हा प्रकार आहे.

हा भेद मान्य केला तरी 'फार जपानी' हा निष्कर्ष टिकत नाही, कारण विरुद्ध पुरावा भरपूर आहे. १९९७ साली 'फायनल फँटसी'चा सातवा भाग सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. यावेळी क्रमांक बदलला नाही, चकत्यांवर जागा मुबलक होती आणि जाहिरातीवर सढळ हाताने खर्च झाला. त्याच्या जगभरात सुमारे एक कोटी प्रती खपल्या. कथा तितकीच जपानी, नायकाचे अबोल दुःखही तेच. 'पोकेमॉन' (जपानमध्ये १९९६, अमेरिकेत १९९८) हाही आळीपाळीने डाव खेळण्याचा भूमिकाप्रधान खेळच. दूरचित्रवाणी मालिकेने त्याची वाट तयार केली आणि त्याला कोणी परका म्हटले नाही. याउलट 'अर्थबाउंड' (१९९५) हा शिगेसातो इतोई यांचा खेळ आधुनिक अमेरिकेसारख्याच प्रदेशात घडतो. विषयाने तो सर्वांत जवळचा. पण 'या खेळाला दुर्गंधी येते' अशा विनोदी जाहिरातीने त्याची ओळख करून देण्यात आली आणि अमेरिकेत त्याच्या सुमारे १ लाख ४० हजार प्रतीच खपल्या. संस्कृतीची जवळीक हेच खपाचे कारण असते, तर हे आकडे उलट हवे होते.

सर्वांत बोलका पुरावा अलीकडचा आहे. डाव आळीपाळीने खेळण्याची पद्धत पाश्चात्त्यांना रुचत नाही, असे निर्माते दीर्घकाळ सांगत आले. २०२३ साली बेल्जियममधील लारियन संस्थेच्या 'बाल्डर्स गेट ३' या याच पद्धतीच्या खेळाने मोठे यश मिळविले. २०२५ साली सँडफॉल या फ्रेंच संस्थेने जपानी खेळांचे ऋण उघडपणे मान्य करून 'क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३' काढला, त्याच्या ३३ दिवसांत ३३ लाख प्रती गेल्या. जे रूप जपानकडून आले तर कालबाह्य ठरते, ते फ्रान्सकडून आले की अभिजात ठरते! 'जपानी भूमिकाप्रधान खेळ' हे वर्गीकरण प्रथम ऐकले तेव्हा ते आम्हांला हिणवणारे वाटले, असे नाओकी योशिदा या निर्मात्याने २०२३ साली सांगितले, त्यातील वेदना या पार्श्वभूमीवर समजून घेता येते.

आता आपल्याकडे वळू. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याशी निगडित दोन ग्रंथ येथे आठवतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील नगर-राहुरीचे घरगुती मराठी इंग्रजीत १९५० साली एकदा गेले, आणि २०१७ साली शांता गोखले यांच्या अनुवादाने इंग्रजी वाचकांत तिची नव्याने चर्चा झाली. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ सालचा. ३७ वर्षांचे हे अंतर 'बलुतं'च्या स्थानिकतेने निर्माण केलेले नाही. अनुवादक आणि प्रकाशक मिळताच त्याच बलुतेदारीच्या, त्याच कावाखान्याच्या तपशिलांसह ते वाचले गेले. 'ड्रॅगन क्वेस्ट'ला तीन वर्षे लागली म्हणून तो शिळा दिसला. पुस्तकाला यंत्राचे वय नसते, एवढाच काय तो दिलासा.

खेळांच्या क्षेत्रात महाराष्ट्रानेही एक प्रयोग केलेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' प्रकाशित केला. तत्पूर्वी २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा तिचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. राजी ही मुलगी पळवून नेलेल्या भावाचा, गोलूचा, शोध घेते आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडत जाते. आशय पुराणकथांचा, सजावट पहाडी चित्रशैलीची. लढण्याची रीत मात्र पाश्चात्त्य कृतिप्रधान खेळांची. निर्मात्यांनी देशी आशयाला परिचित रूपात बसविले, म्हणजे होरी यांच्या मार्गाचीच ही दुसरी आवृत्ती. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते या खेळातील खरी नवी गोष्ट ते दोन निवेदक आहेत, आणि त्यांनाच सर्वांत कमी वाव मिळाला आहे. लढाई थांबते आणि देव बोलू लागतात तेव्हा आख्यानाचा लय क्षणभर सापडतो. तोच पुढचा राक्षस येतो. हे बोलणे प्रथम जगापुढे गेले ते इंग्रजीतून. हिंदी आवाज २०२२ सालच्या सुधारित आवृत्तीत आला.