मुसद्दीलाल मोठ्या पडद्यावर का हरला?

आवडत्या मालिकेवर चित्रपट येणार अशी बातमी कानावर पडली की मन हरखतं, आणि चित्रपट पाहून झाला की बहुतेक वेळा हिरमोड होतो. हे इतक्यांदा घडलं आहे की याला योगायोग म्हणता येणार नाही. नट तेच असतात, पात्रं तीच असतात, पुष्कळदा दिग्दर्शकही तोच असतो. तरी पडद्यावर आपली माणसं अनोळखी वाटू लागतात. माझ्या मते याचं कारण एकच आहे. मालिकेचा चित्रपट करताना निर्माते जागा वाढवतात, प्रवास वाढवतात, गाणी आणि पाहुणे वाढवतात. प्रश्न मात्र वाढवत नाहीत. 5 ऑगस्ट 2011 रोजी प्रदर्शित झालेला 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे.

'ऑफिस ऑफिस' ही मालिका 2001 साली सब टीव्हीवर सुरू झाली. राजीव मेहरा दिग्दर्शक, पंकज कपूर नायक. मुसद्दीलाल हा उत्तर भारतीय, साधा, सरळमार्गी माणूस. पण आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथसारख्या गावात तो परका वाटला नाही. इथे घरात मराठी, बाजारात हिंदी, तेलुगू आणि गोंडी. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत असायचा, 1956 नंतर तो तेलुगूत आला, 2014 मध्ये आंध्र जाऊन तेलंगणा झालं. घरातली मराठी आहे तिथेच राहिली. खिडकीपाशी उभं राहून समोरच्या अर्जात काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, आणि वाचून देणारा घाईत असला तर अंगठा किंवा सही करून मोकळं व्हायचं, हे इथल्या कितीतरी घरांनी पिढ्यान् पिढ्या केलं आहे. अशा गावाला मुसद्दीलालची ती अजीजीची, अर्धवट वाकलेली उभी राहण्याची पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

मालिकेची खरी करामत मात्र मुसद्दीलालमध्ये नव्हती, ती त्याच्या समोरच्या पाच माणसांमध्ये होती. भाटिया, शुक्ला, पटेल, पांडे आणि उषाजी. मनोज पाहवा, संजय मिश्रा, देवेन भोजानी, हेमंत पांडे आणि आपल्या आसावरी जोशी. या भागात वीज कार्यालय, पुढच्यात इस्पितळ, त्यापुढच्यात आणखी कुठलं खातं. पण टेबलामागे बसलेले चेहरे तेच, नावं तीच, सवयी त्याच. पटेल प्रत्येक गोष्टीच्या दोन शक्यता मांडणार, भाटियाचं लक्ष खाण्यावर असणार, उषाजी कशालाही 'वही तो' म्हणून मान डोलावणार. खातं बदललं तरी माणूस बदलत नाही, ही एवढी मोठी गोष्ट या मालिकेने एकही भाषण न देता, निव्वळ नटांच्या वाटपातून सांगितली. भारतीय दूरचित्रवाणीवर आशय आणि घाट इतके एकजीव झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

तो घाट आठवड्याच्या अंतरावर उभा होता, हे लक्षात घ्यायला हवं. एका भागात मुसद्दीलालची दमछाक व्हायची, मग मध्ये सात दिवस जायचे. पुढच्या आठवड्यात तो नव्या दारात उभा राहायचा आणि आत तेच पाच जण दिसायचे. त्या सात दिवसांत प्रेक्षकाने स्वतःही एखादं काम घेऊन कुठेतरी खेटे घातलेले असायचे. 'पुन्हा तेच!' हे वाक्य पडद्यावर कुणी म्हणायची गरज नव्हती. ते प्रेक्षकाच्या मनात आपोआप उमटत होतं.

चित्रपटाने हाती घेतलेला विषय वरवर पाहता या मालिकेतूनच उगवलेला आहे. मुसद्दीलालची पत्नी वारते. अस्थिविसर्जनासाठी तो मुलाला घेऊन तीर्थयात्रेला जातो. परत येतो तर पेन्शन बंद, कारण कागदोपत्री तो मेलेला. आता जिवंत माणसाने आपण जिवंत असल्याचा पुरावा आणायचा. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाणाऱ्या प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाला यातली वेदना कळते. थकलेलं शरीर, ठसे पुसट झालेली बोटं, आणि समोरच्या माणसाला आपण आहोत हे पटवून देण्याची कामगिरी. नोव्हेंबर 2014 पासून 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय झाली, तरी पुसट झालेल्या बोटांची अडचण काही लगेच संपली नाही. विषय असा जिवंत होता.

पण चित्रपट या विषयाच्या आत शिरत नाही. तो मालिकेचे भाग एकापुढे एक जोडत जातो. सात दिवसांचं अंतर गेल्यामुळे तेच पाच चेहरे आता पुन्हा भेटत नाहीत, ते सलग समोरच असतात. मालिकेत जी पुनरावृत्ती बोचत होती, ती इथे कंटाळवाणी होते. पटेलच्या दोन शक्यता वीस-बावीस मिनिटांच्या भागात हशा मिळवतात. पूर्ण लांबीच्या चित्रपटात त्याच शक्यता संवादाची जागा अडवून बसतात. शिवाय पत्नीच्या मृत्यूचं दुःख आणि कचेरीतली टिंगल यांना एकत्र बांधणारा सूर सापडत नाही. पंकज कपूर एखाद्या क्षणी नुसत्या डोळ्यांनी विधुराचं एकटेपण दाखवून जातात, आणि दुसऱ्याच क्षणी पटकथा त्यांना जुन्या विनोदाकडे ओढून नेते. एवढा मोठा नट हाताशी असताना त्याला दुःख करायला सवड न देणं, ही या चित्रपटाची सगळ्यात मोठी चूक आहे.

काळही चित्रपटाच्या बाजूने होता. 2011 च्या एप्रिलमध्ये अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले होते आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदान भरून वाहत होतं. लाचखोरीविषयीचा राग देशभर रस्त्यावर आला होता, आणि नेमक्या त्याच महिन्यात लाचखोरीवरच्या सर्वांत लाडक्या मालिकेचा चित्रपट आला. तरी त्याचा आवाज त्या गर्दीत कुठे उमटला नाही. रस्त्यावरचा माणूस 'ही यंत्रणा अशी का आहे आणि आपणही तिच्यात कुठे आहोत' असं विचारू लागला होता. चित्रपट अजून टेबलाखालून पैसे सरकवण्याच्या विनोदावरच थांबलेला होता.

याच विषयावर दहा वर्षांनी आलेला सतीश कौशिक यांचा 'कागज' (2021) शेजारी ठेवून पाहावा. आझमगढचे लालबिहारी सरकारी दप्तरात मृत ठरले, त्यांनी तशाच इतर माणसांसाठी 'मृतक संघ' काढला, आपण जिवंत असल्याचं दाखवायला निवडणुका लढवल्या आणि 1994 मध्ये ते कागदावर पुन्हा जिवंत झाले. या खऱ्या हकिकतीवर बेतलेल्या त्या चित्रपटातही ढिले भाग आहेत. पण पंकज त्रिपाठींचा नायक कागदावर मेल्यानंतर बदलत जातो. त्याचं घर, त्याचं हसणं, त्याचा हट्ट, सगळं बदलतं. मुसद्दीलाल बदलत नाही. मालिकेत नायक बदलला नाही तरी चालतं, किंबहुना तो बदलू नये अशीच आपली अपेक्षा असते. चित्रपटात ज्याच्यासोबत आपण दोन तास काढतो, त्याच्या आयुष्यात काहीतरी असं घडावं लागतं की त्याला पूर्वीसारखं राहता येऊ नये.

हा आजार एकट्या मुसद्दीलालचा नाही. आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांची 'खिचडी' 2002 मध्ये आली ती बाबूजी, प्रफुल, हंसा, जयश्री आणि हिमांशू या पारेख कुटुंबाच्या दिवाणखान्यातच जगली. सोफ्यावर बसलेली हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते आणि प्रफुल ठाम आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतो, यात हालचाल शून्य आणि आनंद अपार. 2010 च्या पहिल्या चित्रपटात हिमांशूच्या लग्नाचा घाट होता, त्यामुळे निदान घराचा धागा टिकला. 2023 च्या दुसऱ्या चित्रपटाने या मंडळींना पांथुकिस्तान नावाच्या काल्पनिक देशात गुप्त कामगिरीवर पाठवलं. दिवाणखाना सुटला तशी त्यांच्या वेडेपणाची मजाही पातळ झाली, कारण शहाण्या जगाच्या पार्श्वभूमीवरच तो वेडेपणा खुलत होता.

मंडळींना सहलीला पाठवण्याची ही युक्ती जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात लोकप्रिय विनोदी मालिकांचे चित्रपट भराभर निघाले. 'आर यू बीइंग सर्व्ड?' या कापड-दुकानातल्या मालिकेचा 1977 चा चित्रपट दुकान सोडून कोस्टा प्लोंका या बनावट ठिकाणी सुट्टीवर गेला. अमेरिकेच्या 'सेक्स अँड द सिटी 2' ने 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या मैत्रिणींना अबुधाबीला नेलं. देश वेगळे, दशकं वेगळी, पण विचार तोच: तिकिटाचे पैसे घेतो आहोत तर निदान नवी जागा दाखवू. प्रेक्षकाने मात्र जागेसाठी जीव टाकलेला नसतो.

मराठीत हा प्रश्न दूरदर्शनच्या पहिल्याच दशकात उभा राहिला. चि. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' ही मुंबई दूरदर्शनची मालिका 1977 पासून घराघरांत पोचली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ कृष्णधवल पडद्यावर असे चपखल बसले की पुढे वाचकांना पुस्तकातही तेच दिसू लागले. 1979 मध्ये हीच जोडी 'चिमणराव गुंड्याभाऊ' या चित्रपटात आली. आज चिमणराव म्हटलं की मालिका आठवते, चित्रपट आठवत नाही. कथांमध्येच चित्रपटाचा जीव नव्हता असंही म्हणता येणार नाही, कारण मास्टर विनायकांनी 1940 मध्ये 'लग्न पहावं करून' आणि 1942 मध्ये 'सरकारी पाहुणे' याच मुशीतून घडवले होते आणि दामुअण्णा मालवणकर-विष्णुपंत जोग ही जोडी लोकांनी डोक्यावर घेतली होती. विनायकांपुढे कुठली मालिका नव्हती, त्यांना थेट चि. विं.शी झुंजावं लागलं. लोकांच्या तोंडी बसलेली मालिका पाठीशी असली की ही झुंजच टळते. तयार ओळखीवर भागवण्याचा मोह होतो.

नंतरच्या मराठी मालिकांनी यातून दोन धडे दिले आहेत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनातून आली, केदार शिंदेंनी ती दिग्दर्शित केली आणि 2004 मध्ये ती थांबली. तिच्या नावावर चित्रपटाचं ओझं पडलं नाही, म्हणून टिपरे कुटुंब आजही जसंच्या तसं आहे. दुसरा धडा 'रात्रीस खेळ चाले'चा. 2019 मध्ये आलेला तिचा दुसरा भाग पुढे न जाता मागे गेला. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच मेलेले अण्णा नाईक जिवंतपणी काय होते, हा प्रश्न पहिल्या भागाने उघडा ठेवला होता. माधव अभ्यंकर आणि शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर यांनी त्याचं उत्तर दिलं आणि अनेकांना दुसरा भागच अधिक भावला. तो दूरचित्रवाणीवरच राहिला हे खरं. पण पुढचा भाग काढायला खरोखर कारण असलं तर काय होतं, हे त्याने दाखवलं. डेव्हिड लिंच यांचा 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी' (1992) असाच मागे गेला होता. जिचं प्रेत सापडल्यापासून मालिका सुरू झाली, त्या लॉरा पामरचे शेवटचे दिवस त्याने दाखवले. तेव्हा समीक्षक त्याच्यावर तुटून पडले, आज त्याचं मोल मान्य झालं आहे.

बोथहून हा विषय पाहताना आणखी एक गोष्ट लख्ख दिसते. या जिल्ह्यात थिएटरांवर तेलुगू चित्रपटांचं राज्य आहे. मराठी चित्रपट पडद्यावर पाहायचा तर सीमेपलीकडे नांदेडची वाट धरावी लागते. त्यामुळे मालिकेवरचा चित्रपट इथे पोचतो तो त्याच घरात, त्याच टीव्हीवर, मालिका जिथे पाहिली तिथेच. भव्य पडदा नाही, घुमणारा आवाज नाही. जागा, खर्च, परदेश यांचा दिमाख इथे गळून पडतो आणि लेखन तेवढं उरतं. देशातले बहुसंख्य प्रेक्षक आज चित्रपट असेच पाहतात, टीव्हीवर नाहीतर हातातल्या फोनवर. म्हणून मालिकेला 'मोठं' करण्याचा जुना अर्थ आता चालणार नाही.

मुसद्दीलालला आजही नवं काही सांगण्यासारखं आहे. तेलंगणात 2020 मध्ये जमिनीच्या नोंदी 'धरणी' पोर्टलवर गेल्या. चुकलेल्या नोंदी दुरुस्त करून घेण्यासाठी शेतकऱ्यांना घालावे लागलेले हेलपाटे 2023 च्या विधानसभा निवडणुकीचा मुद्दा झाले आणि 2025 मध्ये त्या जागी 'भू भारती' आलं. टेबलामागचा भाटिया निदान दिसत तरी होता. संगणकाच्या पडद्यामागे दाद कुणाकडे मागायची? जुन्या मालिकेला न सुचलेला, तिच्या काळात सुचणं शक्यही नसलेला हा प्रश्न आहे. पंकज कपूर यांच्या तोलाचा नट आणि त्या पाच जणांचा संच घेऊन कुणी या प्रश्नाला भिडलं, तर तो चित्रपट करण्याला अर्थ आहे.

आवडत्या मालिकेला हात घालणाऱ्या प्रत्येकाने पहिली ओळ लिहिण्याआधी स्वतःला विचारावं: मालिकेत जे विचारता आलं नाही, असं काही माझ्याकडे आहे का? असेल तर दिवाणखानाही पुरेसा मोठा आहे. नसेल तर ती मालिका तशीच राहू द्यावी. लोक तिचे जुने भाग आवडीने पुन्हा पाहत आहेतच.